सावलीकडचा जपान

"सगळं जमेल. पण बर्फ कुठून आणायचा?" फोटोग्राफर गुरुदत्तने विचारलं.

उत्तम खलाशी समोरच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या पाठीमागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा होता. पडद्यावर तळं आणि हंस. छप्पर गळकं असल्यामुळे हंसाची मुंडी दोन पावसाळ्यांपूर्वीच वाहून गेली होती, आणि तेव्हापासून ठाण्यातली नवी जोडपी बिनमुंडीच्या हंसासमोर संसाराला लागत होती. तक्रार कुणाचीच आली नव्हती. त्यामुळे फोटोत जपान करून देणं गुरुदत्तला फारसं अवघड वाटत नव्हतं.

"मी आणि दगडू मँगनीजच्या बोटीवर गेलेलो," उत्तमने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "टोकियो-बिकियोला नाही. साकाई म्हणून बंदर आहे, कुणाला ठाऊक नसलेलं. त्या मुलखाला सान-इन म्हणतात. डोंगराची सावलीकडची बाजू. तिथे दगडूला ताप भरला. तिथेच पुरला त्याला. मी एकटा परत आलो."

"हे झालं पन्नास साली. मग आता, इतक्या वर्षांनी, फोटो कशाला?"

"त्याची आई, तुळसामावशी, ऐकत नाही. कोपर गावी रोज त्याचं ताट वाढते. म्हणते, पोर पुरला तो मुलूख दाखव, मग त्याचे दिवस घालते."

"आणि नाही घातले तर?"

"तर कलावती, त्याची बायको, तशीच बसणार. हिरव्या बांगड्या भरून." उत्तमने मान खाली घातली. "आमच्यात पाट लागतो, दुसरं लग्न होतं. पण आधी ती विधवा तर व्हायला हवी."

'हनुवटी वर घ्या' असं गुरुदत्त दिवसभर लोकांना सांगत असे. त्यामुळे खाली गेलेली मान त्याला लगेच कळायची. पाट कुणाशी, हे त्याने विचारलं नाही.

मग उत्तम एकेक ठिकाण सांगत गेला आणि गुरुदत्त ते जवळपास शोधत गेला. तोत्तोरीचे वाळूचे डोंगर कल्याणच्या खाडीकाठी, उपसलेल्या रेतीच्या ढिगांत निघाले. फक्त एक गाढव हाकलावं लागलं. शिंजी सरोवर ठाण्याच्या खाडीत, भरतीला, उन्हं उतरताना सापडलं. राहिला दाईसेन, बर्फाचा डोंगर.

तो कोलशेतला मिठागरावर होता.

मिठाची रास पांढरीशुभ्र चमकत होती. गुरुदत्त चिखलात पालथा पडला आणि कॅमेरा जमिनीलगत लावून बघू लागला.

"डोंगर झाला. पण केवढा ते कळत नाही. इथे अलीकडे, कॅमेऱ्याजवळ एक माणूस उभा हवा. म्हणजे मागचा डोंगर मोठा दिसेल."

"माणूस कशाला?" उत्तम एकदम म्हणाला. "नुसता डोंगर काढा. पुरे तेवढं."

पण बांधावर बसलेला मिठागरावरचा गडी तोवर उठला होता. उत्तमच्या ओळखीचा, जागा त्यानेच दाखवली होती. तोंडाला फडकं बांधलेलं. "मुका आहे," असं उत्तमने आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं. गडी झोपडीकडे गेला. दारातल्या बाईने, कडेवरचं तान्हं सांभाळत, त्याच्या हातात पावसाळ्यातलं इरलं दिलं. ते पाठीवर घेऊन तो येऊन उभा राहिला.

"अरे वा! हा तर जपानीच," गुरुदत्त म्हणाला.

"तिकडं गवताचंच पांघरतात," उत्तम पुटपुटला.

"पाठ कर इकडे. हलू नको."

गडी पाठ करून उभा राहिला आणि उजवा पाय उचलून त्याने डाव्या गुडघ्याला टेकवला.

"अरे, पाय खाली! जपानी हवाय मला, बगळा नको."

पाय खाली आला. गुरुदत्तने काळ्या कापडात डोकं घातलं, तोवर पाय पुन्हा वर. शेवटी गुरुदत्तच हरला आणि त्याने बगळ्यासकट फोटो काढला.

निघताना मुक्याने त्याचे पाय धरले. जन्मात पहिला फोटो निघाला असेल बिचाऱ्याचा, असं गुरुदत्तला वाटलं. "तुलाही एक प्रत देतो," तो म्हणाला. गड्याने जोरजोरात मान हलवली. नको.

कोपरला तुळसा ओट्यावर बसली होती. कलावतीने चहा आणला आणि ती दाराआड उभी राहिली. ओट्याच्या कोपऱ्यात एक ताट वाढून झाकलेलं होतं.

म्हातारीने पहिला फोटो पाहिला. "वाळू बरी हाय."

दुसरा पाहिला. "खाडीवानी पाणी."

"पाणी सगळीकडे सारखंच, मावशी," गुरुदत्त म्हणाला.

तिसरा तिने उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग बोट टेकवून विचारलं, "ह्याच्या पायाला काय झालं?"

"बर्फ भाजतो ना मावशी," उत्तम घाईने म्हणाला. "तिकडची माणसं एकेक पाय वरच ठेवतात."

गुरुदत्तने तोंड कपात घातलं.

"आन् माझा पोर कुठं पुरला?"

"ह्याच डोंगरामागं."

तुळसाने फोटो कमरेला खोचला. उठली. कोपऱ्यातलं ताट उचलून तिने भात कोंबड्यांना टाकला, ताट धुतलं आणि फळीवर पालथं घातलं.

"उत्तम, भटजीला सांगून ये. दिवस घालू. पाट ह्याच वैशाखात लावून टाकू."

दाराआड बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. उत्तम चपला न घालताच धावत सुटला.

गुरुदत्तला सोडायला म्हातारी कुंपणापर्यंत आली. त्याला बरंही वाटत होतं आणि लाजही वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा खोटा फोटो कुणाच्या उपयोगी पडला होता. निरोप घ्यायला तो वळला, तर तुळसा खाडीकडे बघत होती.

"दादा, त्या मिठागरावर परत गेलास तर माझ्या दगडूला सांग," ती म्हणाली. "सोमवारी त्याचं तेरावं हाय. जेवायला येऊ नको."