आधी स्पॅगेटी, मग गोळे

"पोरी, या घरात खिम्याचे गोळे स्पॅगेटीवर घालायचे नाहीत. आधी स्पॅगेटी, ती संपली की दुसऱ्या ताटलीत गोळे. एकत्र कालवतात ते अमेरिकेला गेलेले!" सासूबाई एर्सिलियांनी लग्नानंतर बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

मग माझी तीन वर्षांची लेक नीव्हेस चार दिवस धड जेवेना. पोटऱ्या काड्यांसारख्या दिसायला लागल्या, तसे मी घाबरून गोळे सरळ स्पॅगेटीवर घातले. पोरीनं ताट चाटूनपुसून संपवलं, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात.

"अगं बाई! समोरच्या असुंतानं पाहिलं असतं तर? अख्ख्या नेपल्सभर झालं असतं!" त्या मटकन खुर्चीत बसल्या. "उद्यापासून हिला मी भरवते. आपल्या रीतीनं."

आठवडाभर त्या नीव्हेसला रोज दुपारी वरच्या मजल्यावर आपल्या घरी नेतायत. पोर जेवते की उपाशी राहते, या काळजीनं आज मी हळूच डोकावले. नीव्हेस रिकाम्या ताटापुढे पेंगत होती. सासूबाई पडदे ओढून, स्वतःच्या स्पॅगेटीवर तिसरा गोळा ठेवत होत्या.



तुमच्याही सासूबाई भरदुपारी पडदे ओढून जेवत असतील, तर एकदा बघून या.