दोनच फेरे

शाळेच्या शर्टाला बटण लावताना दोरा चार वेळा फिरवायचा असतो. संक्रांतीपासून मी दोनदाच फिरवत होते. मुद्दाम.

"चष्मा मी करून देतो," म्हणत मालकांनी दिवाळीत माझ्या नंबराची चिठ्ठी खिशात ठेवली होती. त्यानंतर चष्म्याचं नावच नाही. त्यांना शब्दाची पर्वा नाही, तर मी तरी कशाला मरमर मरू?

आज कारखान्यात आले, तर मालक स्वतः सतरंजीवर बसून बटणं लावत होते. शाळेने शर्टांचा अख्खा गठ्ठा परत पाठवला होता. मला पाहताच उठून त्यांनी नवा चष्मा माझ्या हातात ठेवला.

"तुम्हाला धड दिसत नव्हतं, शेवंताताई, म्हणून बटणं सुटली. चूक माझी आहे. शब्द देऊन विसरलो."

मी चष्मा घातला. सुईने टोचलेली त्यांची बोटं लख्ख दिसली. मी शेजारी बसले आणि एक शर्ट ओढून घेतला. सुई पहिल्याच खेपेला ओवली गेली. दोऱ्याचे फेरे मोजायला चष्मा लागत नाही, हे मात्र काही केल्या तोंडातून निघेना.