अजगरिणीची ऊब

देवळात कीर्तनाच्या ओट्याखाली अजगर शिरला होता. सर्पमित्र दाजी तांडेल पोतं घेऊन वाकले आणि थबकले. आता सगळ्यांच्याच चष्म्यांना अंगाची ऊब रंगांत दिसत असे. माणसं तांबडी, थंड रक्ताचे साप-सरडे दगडासारखे निळे. हा अजगर मात्र निखाऱ्यासारखा लाल होता.

“चष्म्याला ताप आलाय का हो, दाजी?” कीर्तनकार उमाताईंनी विचारलं.

“नाही, ताई. मादी आहे. अंग थरथरवून अंड्यांना ऊब देतेय. आत्ता हलवली तर पिल्लं गारठून मरतील.”

उमाताई गुडघ्यांवर बसून बघतच राहिल्या. थंड रक्तात एवढी माया, देवा!

“पेटी-तबला अंगणात न्या,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि कीर्तनाआधी मला लावायचा बुक्का आज या ओट्याला लावा. कीर्तन तर हिनंच मांडलंय.”