आईची किडनी

"तुमच्याच पेशींपासून वाढवलेली किडनी तयार आहे. ती बसवली की रोजच्या गोळ्या बंद," डॉ. किणीकर म्हणाले. "जुनी मात्र काढावी लागेल. गोळ्यांशिवाय तुमचं शरीर ती टिकू देणार नाही."

जुनी म्हणजे आईची. आईने ती शर्वाणीला दिली, त्याला अकरा वर्षं झाली. आईला जाऊन नऊ.

"काढल्यावर तिचं काय करता?"

"नियमाप्रमाणे जाळून टाकतो."

"जाळायचीच असेल, तर आमच्या ताब्यात द्या."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

बाहेर येऊन तिने भावाला फोन लावला. आई गेली तेव्हा तो जहाजावर होता. घरी आला तो थेट दहाव्याला.

"दादा, सोमवारी ऑपरेशन आहे," पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवून ती म्हणाली. "या वेळी तरी आईला पोचवायला ये."