सफरचंदांचा हार

मुडबीच्या आमदार नागूबाईंना चौथ्यांदा तिकीट मिळणार म्हणून गावानं सफरचंदांचा हार केला, तो एवढा जंगी की उचलायला क्रेन आणावी लागली आणि वासानं तीन गावची माकडं पिंपळावर जमली. नागूबाईंचा जीव मात्र मुलींच्या वसतिगृहाच्या अर्धवट छतात अडकला होता. टीव्हीवर नावं जाहीर झाली. तिकीट गुलबर्ग्याच्या डाळमिलवाल्याला. मग अंगणातनं कुणीतरी म्हणालं, “हार वाया कामून घालायचा?” तशी क्रेन वळून गुलबर्ग्याच्या रस्त्याला लागली, मागं माणसं, माणसांमागं माकडं. नागूबाई सवयीनं हात जोडून ओट्यावर उभ्याच. अखेर त्यांना नवऱ्याची आठवण झाली. “अंजू, तुझ्या मामंजींना चहा दे गं. माझ्यापरीस त्यांच्याच जिवाला लई लागलं असंल.” सून खाली बघत म्हणाली, “आत्याबाई, क्रेनवाला परगावचा हाय. त्याला रस्ता दावायला मामंजीच पुढं बसून गेलेत.”