शारजातला थांबा

कमरुद्दीनने गाडीला चार्जर लावला, स्क्रीनवरचा आकडा पाहिला आणि बायकोला बजावलं, "अर्धा तास. मग यल्ला, निघायचं थेट अबू धाबी. पुढे रुवैसला हॉटेल बुक आहे."

अन्वरीने मान डोलावली. मस्कतहून दोहाला, लेकाकडे निघालेल्या माणसाला शारजा वाटेत लागतच नाही, अल ऐनवरून सरळ रस्ता आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण "तिकडच्या चार्जरचा भरवसा नाही" असं सकाळपासून घोकणाऱ्या नवऱ्याला तिने एकदाही टोकलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं, एवढं तिला कळायला लागलं होतं.

पार्किंगसमोर, पाण्यापलीकडे अल मजाजचे टॉवर दिसत होते. त्यातल्या एकात कमरुद्दीनची धाकटी बहीण शहरबानू राहायची. तिने मुलीचं लग्न ठरवलं आणि मामाला ते बाहेरच्या माणसाकडून कळलं. तेव्हा हा चार लोकांत बोलून बसला, "तुझ्या घराची पायरी चढणार नाही." बहीण राहते बाराव्या मजल्यावर, जाणं-येणं लिफ्टने, पण शब्द तो शब्द. त्यानंतर ईदलासुद्धा फोन नाही. अन्वरीचा जीव तुटायचा. एकुलती एक नणंद, तीही सख्ख्या बहिणीसारखी.

म्हणून बॉर्डर ओलांडतानाच तिने गुपचूप नणंदेला मेसेज टाकला होता.

शहरबानू टॅक्सीतून उतरली ती हातातला स्टीलचा डबा सांभाळत. कमरुद्दीनने तिला पाहिलं आणि झटकन चार्जरच्या स्क्रीनकडे तोंड केलं, जणू तिथे बातम्या लागल्या होत्या.

"सलाम, भाई."

"वालेकुम सलाम." मग स्क्रीनकडेच बघत, "एवढ्या उन्हात कशाला आलीस?"

"तू वर येणार नाहीस. म्हणून मीच खाली आले."

अन्वरीने पुढे होऊन डबा घेतला आणि गाडीची डिकी उघडून आत मांडला. तांदळाची वाफवलेली सांदणं होती, सोबत कोंबडीचं सालन. ताटं तिने गाडीतलीच काढली. तिघं उभ्या उभ्याच जेवू लागली. कमरुद्दीन खाली मान घालून जेवत होता, पण तिसरं सांदण त्याने न विचारता उचललं, तेव्हा अन्वरीला जरा धीर आला.

"भाई, चुकलं माझं," शहरबानू म्हणाली. "त्यांनी एका दिवसात होकार मागितला. मी घाबरले."

"फोन करायला असा किती टाइम लागतो?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो." तो थांबला. "जावई कसा आहे?"

"चांगला आहे. फक्त हट्टी आहे, तुझ्यासारखा."

कमरुद्दीनला हसू आवरलं नाही. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले आणि सालन तिखट झालंय म्हणाला. सालन मुळीच तिखट नव्हतं. शहरबानू भावाचं खरकटं ताट हातात धरून तशीच रडत उभी राहिली.

मग तो चार्जरकडे गेला आणि त्याने केबल काढून जागेवर लावली. अन्वरीला वाटलं, आता यल्ला म्हणणार, आणि सगळं इथेच राहणार.

"अहो, बॅटरी अजून अर्धीपण नाही भरली!"

शहरबानूने डोळे पुसले आणि डब्याला झाकण लावलं.

"बानू," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "हा चार्जर फारच फास्ट आहे. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्लोवाला असेल ना?"

"आहे. पण भाई, त्याच्यावर गाडी भरायला सकाळ होते."

"मग होऊ दे," कमरुद्दीनने मागचं दार उघडलं. "बस गाडीत."