नो क्लेम

विमा कंपनीचा अधिकारी जीपभोवती एक चक्कर मारून पुढच्या मडगार्डपाशी थांबला. तिथला रंग बाकीच्या गाडीपेक्षा ताजा होता.

"हे कशानं झालं?"

"बाभळीला घासली," चेअरमन आबाराव म्हणाले. दूध संघाच्या ओसरीवर खुर्च्या टाकल्या होत्या. संघाच्या जीपचा विमा जुन्या कंपनीतून काढून या नव्या कंपनीत टाकायचा होता. जुन्या कंपनीनं पत्र दिलं होतं, की या गाडीवर आजवर एकही क्लेम झालेला नाही. त्या पत्रावर हप्त्यातली सूट तशीच पुढं चालू राहणार होती.

ड्रायव्हर ज्ञानोबा बॉनेट पुसत उभा होता. त्यानं फडकं खाली ठेवलं.

"बाभळीला न्हाय साहेब. बाईला."

अधिकाऱ्यानं आबारावांकडं पाहिलं. आबारावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"किरकोळ होतं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. बाईची काही तक्रार नाही."

"पाय मोडलाय तिचा," ज्ञानोबा म्हणाला. "हरणाबाई नाव हाय. सास्तूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला होती, खडी फोडायला. दिवाळी झाल्यावरची गोष्ट. अजून पाय टेकत न्हाय."

"पण क्लेम झाला नाही ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही," आबाराव म्हणाले.

"मग सूट राहते. सूट क्लेमवर असते. अपघात झाला की नाही, हे त्यात येत नाही."

ज्ञानोबा ओसरीच्या पायरीपर्यंत आला. एरवी तो तिथं कधी येत नसे.

"म्हंजी पाय बाईचा मोडला, तिनं काय मागितलं न्हाय, म्हणून सूट संघाला?"

"नियम तसा आहे," अधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"आन् तिनं मागितलं असतं तर?"

अधिकारी आबारावांकडं न बघता म्हणाला, "तिला कोर्टात दावा लावता येतो. अपघाताला सहा महिने व्हायच्या आत. भरपाई जुनी कंपनी देईल."

"कंपनी देती? चेअरमनसाहेब न्हाय?"

"विमा त्याच्यासाठीच तर असतो."

ज्ञानोबाला हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, बाईनं तोंड उघडलं तर संघ बुडेल, गोरगरिबांच्या दुधाचा पैसा जाईल. आबारावांनी त्याला तसंच सांगितलं होतं. हरणाबाईच्या दारात जाऊनही तेच सांगितलं होतं, आणि तेव्हा ज्ञानोबा त्यांच्या मागं मान खाली घालून उभा होता.

"तुमाला ठावं होतं," तो आबारावांना म्हणाला.

"ज्ञानोबा, गाडी धुऊन घे जा."

"कंपनी देणार हाय हे तुमाला ठावं होतं. तरी त्या बाईला गप बसवलं."

आबाराव उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. "दावा झाला की पोलीस येतील. गाडी कोण चालवत होतं, हे पहिलं विचारतील. संघात ड्रायव्हरचं लायसन तुझं आहे. आणखी कुणाचं नाही."

"रामलिंग चालवत होता. तुमचा पुतण्या. म्या शेजारी बसलो होतो. म्या न्हाय न्हाय म्हणत असताना त्यानं माझ्याकडून चावी घेतली."

"ते तू म्हणशील. रामलिंग काय म्हणेल?"

अधिकाऱ्यानं कागद गोळा करायला सुरुवात केली होती. ज्ञानोबानं खिशातून जीपची चावी काढली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि फाटकाबाहेर पडला.

एसटी सास्तूरला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. हरणाबाई दारात भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब पसरून. गुडघ्याखाली तो वाकडाच जुळला होता. आत तिची जाऊ सखूबाई पाण्याची घागर उतरवत होती. ज्ञानोबाला बघून हरणाबाईनं पदर सारखा केला.

"चेअरमननं धाडलं व्हय?"

"न्हाय. त्यांची नोकरी सोडून आलोय."

तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. कोर्ट उस्मानाबादला आहे. पैसे कंपनी देते. मुदत संपायला आता थोडेच दिवस राहिलेत. सांगताना त्याचा राग पुन्हा वर आला आणि शब्द तुटायला लागले.

हरणाबाई ऐकत राहिली.

"माझ्या दारात बसून म्हणले, बाई, संघ तुमचाच हाय. म्या म्हणलं, असूद्या मग." तिनं पायावरची माशी हाकलली. "गाडी कोण चालवत होतं, ते सांगताल का कोर्टात?"

"सांगतो."

"तुमच्यावरच घातलं तर?"

"घालतील. तरी सांगतो."

हरणाबाईनं भिंतीला तळहात लावला आणि स्वतःला वर ओढलं. ज्ञानोबा आधार द्यायला पुढं झाला, तसं तिनं त्याला हातानंच थांबवलं. एका पायावर उभी राहून तिनं आधी श्वास घेतला, मग आत बघून आवाज दिला.

"सखू, माझं धुतलेलं लुगडं काढ गं. सकाळच्या गाडीनं उस्मानाबादला कोर्टात जायचंय."

"आता कुणी बोलावलं?" सखूबाईनं आतून विचारलं.

"कुणी न्हाय," हरणाबाई म्हणाली. "मीच चाललेय."